शाळेचे अंगण आणि पुस्तकांतले अंगण

मराठीत शाळेवर पुष्कळ लिहिले गेले आहे. पण त्यांतले बहुतेक सारे शाळेच्या खोलीत घडते. फळा, छडी, बाकावर कोरलेली नावे, तपकीर ओढणारे मास्तर, तपासणीच्या दिवशी उडालेली धांदल, हे सारे आपल्या लेखकांनी मनापासून रंगवले. शाळेचे अंगण मात्र त्यांना दोनच वेळा आठवते. एक मधली सुट्टी झाली म्हणजे, आणि दुसरे कुणाला उन्हात अंगठे धरून उभे केले म्हणजे. बाहेर जाणे हे एक तर बक्षीस, नाही तर शिक्षा. शिकणे तेवढे आत.

असे नाही की बाहेर काही शिकले जात नाही, याची आपल्या लेखकांना जाणीव नाही. १९३५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘श्यामची आई’त श्याम पोहायला शिकतो, तो धडा साऱ्या महाराष्ट्राला पाठ आहे, पण तिथे गुरू आई आहे, शाळेचा त्याच्याशी संबंध नाही. मिलिंद बोकिलांच्या ‘शाळा’ या २००४ सालच्या कादंबरीत तर नावच शाळा, आणि मुलांचे खरे बोलणे चालते ते अर्धवट बांधून राहिलेल्या एका इमारतीत! दोन पुस्तकांत जवळजवळ सत्तर वर्षांचे अंतर आहे, प्रकृतीने ती एकमेकांपासून फार दूर आहेत, पण एका बाबतीत त्यांचे एकमत दिसते. शाळा ज्या जागी आहे त्या जागी जगणे नाही.

हा विषय आताच काढण्याचे कारण असे की अलीकडे प्राथमिक शाळांना बाहेरच्या वर्गाची हौस लागली आहे. २०१९ साली केंद्र सरकारने शाळांच्या पोषण-बागांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. आपल्याकडे परसबाग हा शब्द शाळेच्या दप्तरात पूर्वीपासूनच होता, त्याला नवी पालवी फुटली. जिन्याच्या पायऱ्यांवर पाढे, दाराच्या उघडझापीखाली कोनांची मापे, असे इमारतीलाच शिक्षणसाहित्य बनवण्याचे प्रकारही रुळले. कुठे झाडाभोवती पार बांधून त्याला ‘निसर्गवर्ग’ म्हणतात. हे सारे चांगलेच आहे. परंतु यांतल्या बऱ्याच ठिकाणी मागे एखादे पुस्तक उभे असते, असे माझ्या ध्यानात आले. मुख्याध्यापकांच्या टेबलावर, पालकसभेतल्या भाषणात, समारंभाच्या निमंत्रणपत्रिकेवर बहुधा ‘तोत्तोचान’ असते, क्वचित ‘दिवास्वप्न’. पुस्तक वाचून माणसे कुदळ हातात घेतात, ही साहित्याच्या दृष्टीने केवढी थोर गोष्ट! कविता वाचून कुणी विहीर खणल्याचे माझ्या ऐकिवात नाही. तेव्हा ज्या पुस्तकांचा असा परिणाम होतो, त्यांत नेमके काय सांगितले आहे आणि काय सांगायचे राहिले आहे, हे पाहणे समीक्षकाचे काम आहे.

त्यासाठी मी प्रत्येक पुस्तकाला एकच प्रश्न विचारणार आहे, आणि तो मुद्दामच ओबडधोबड ठेवला आहे. हे अंगण केले कोणी? म्हणजे खड्डा कोणी खणला, सुट्टीत पाणी कोणी घातले, आणि मुले चिखलाने माखून घरी गेली तेव्हा रागावले कोण?

प्रथम ‘तोत्तोचान’. तेत्सुको कुरोयानागी यांचे हे जपानी पुस्तक १९८१ साली निघाले आणि जपानात त्याच्या लाखोंनी प्रती खपल्या. मराठीत ते चेतना सरदेशमुख-गोसावी यांनी आणले. तोक्योतल्या ‘तोमोए’ या लहानशा शाळेची ही हकीगत. सोसाकू कोबायाशी यांनी ती १९३७ साली काढली. वर्ग भरायचे ते जुन्या, निकामी झालेल्या आगगाडीच्या डब्यांत. एवढे आपल्या घरांतल्या पुष्कळ मुलांना सांगता येते, कारण डब्यांचे चित्र विसरणे शक्यच नाही. मला मात्र वाटते, या डब्यांनी पुस्तकावर थोडा अन्याय केला आहे. ज्याला त्याला डबे आठवतात. एका शाळेने तर भिंतीवर आगगाडी रंगवली आणि तोमोए झाल्याचे समाधान मानले!

पुस्तकाचे खरे बळ डब्यांच्या बाहेर आहे. फाटकापासूनच पाहा. या शाळेचे फाटक सिमेंटच्या खांबांचे नाही, मुळे असलेल्या, पालवी फुटलेल्या दोन बुंध्यांचे आहे. हे फाटक वाढणारे आहे हे छोट्या तोत्तोचानला पाहताक्षणी कळते. मग सकाळचा अभ्यास लवकर आटोपला की दुपारी सारा वर्ग फिरायला निघतो. वाटेत शेतातली पिवळी फुले लागतात, तिथे बाई थांबतात, पुंकेसर आणि स्त्रीकेसर दाखवतात, फुलपाखरे काय करताहेत ते सांगतात, आणि पुढे चालू लागतात. देवळाशी पोहोचल्यावर मुले वाटेल तशी हुंदडतात. आपण वनस्पतिशास्त्र शिकलो, थोडा इतिहासही शिकलो, याचा मुलांना पत्ताच नाही. लेखिकाही हे सांगताना आवाज चढवत नाही. शिक्षणावरच्या पुस्तकांत हा संयम दुर्मिळ. आमच्याकडचे शैक्षणिक लिखाण अशा जागी हटकून एक परिच्छेद थांबते आणि वाचकाला ‘पाहिलेत?’ असे विचारते.

माझ्या ओबडधोबड प्रश्नाचे उत्तर या पुस्तकात तीन ठिकाणी आहे, आणि ती तिन्ही प्रकरणे मला पुस्तकातली उत्तम वाटतात. पहिले शेतीच्या मास्तरांचे. कोबायाशी जवळपासच्या एका शेतकऱ्याला बोलावतात आणि मुलांपुढे त्याला शिक्षक म्हणून उभा करतात. तो बिचारा संकोचतो, आपण कसले मास्तर म्हणतो. पण मुख्याध्यापकांचे म्हणणे सरळ आहे: शेतीतले तुम्हाला येते, आम्हाला येत नाही, तेव्हा शेतीचे मास्तर तुम्ही. मग तो मुलांना कुदळ कशी धरायची, वाफे कसे करायचे, तण कोणते आणि ते का काढायचे, हे दाखवतो. शाळेच्या अंगणात बाहेरचा माणूस आला, तो पाहुणा म्हणून नव्हे तर जाणकार म्हणून. आमच्या शाळांतल्या बागा पाहताना मला या माणसाची आठवण होते. बागेच्या उद्घाटनाला माननीयांना बोलावतात. ज्याने आळी करून दिली तो माळी कुंपणाबाहेर उभा असतो, आणि छायाचित्र काढताना त्याला जरा बाजूला व्हायला सांगतात.

दुसरे प्रकरण कपड्यांचे. कोबायाशी पालकांना सांगतात की मुलांना सर्वांत जुने, विटके कपडे घालून पाठवा, म्हणजे चिखल लागला काय आणि फाटले काय, कुणाला दुःख नाही. वाचताना हसू येते. पण थोडा विचार केला तर ध्यानात येईल की पालकांकडून या शाळेने मागितलेली ही एक फार मोठी देणगी होती. गणवेशाच्या इस्त्रीत ज्यांची प्रतिष्ठा अडकली आहे त्यांना ती देववणार नाही. वीस गुंठे जमीन मिळवणे सोपे, पण ‘मळले तर मळू दे’ एवढे एक वाक्य आईच्या तोंडून मिळवणे कठीण, असे कोणत्याही शिक्षिकेला विचारा, ती सांगेल.

आणि तिसरे प्रकरण, जे मी कुटुंबात मोठ्याने वाचावे असे सुचवीन, जेवणाची वेळ सोडून! तोत्तोचानची आवडती पैशांची पिशवी शौचकूपात पडते. ती शिपायांच्या खोपटातून लांब दांड्याचे ओगराळे आणते आणि मैलाकुंडी उपसू लागते. ढीग जमतो. मुख्याध्यापक जाता जाता विचारतात, काय चालले आहे. ती सांगते. ते एवढेच म्हणतात की झाल्यावर सगळे परत आत टाकशील ना? आणि निघून जातात. पिशवी सापडत नाही. मुलगी मात्र सगळा ढीग, ओली झालेली मातीसुद्धा, परत आत टाकते. जमिनीवर मुलांचा हक्क म्हणजे काय, हे या प्रकरणाइतके स्वच्छ मी दुसरीकडे वाचलेले नाही. (स्वच्छ हा शब्द इथे वापरावा की नाही, हे वाचकांनी ठरवावे.) खणण्याची मोकळीक आहे आणि भरण्याची जबाबदारीही आहे, मोठ्या माणसाने मध्ये दहा वाक्ये बोलायची नाहीत.

आता पुस्तकातली उणीव. हे पुस्तक कृतज्ञतेने लिहिलेले आहे. कृतज्ञता ही फार चांगली भावना, पण ती प्रकाश एकाच चेहऱ्यावर टाकते. तोमोएत जे काही चांगले घडते ते कोबायाशींपासून निघते आणि त्यांच्याकडे परत जाते. त्यांची पत्नी जेवणाच्या वेळी दोन पातेली घेऊन फिरते. कुणाच्या डब्यात समुद्रातले काही नसले तर एका पातेल्यातून वाढते, डोंगरावरचे नसले तर दुसऱ्यातून. ती दिसते तेवढीच. वर्गावरच्या शिक्षकांचे चेहरे धूसर आहेत. शेजारपाजारच्यांना या उघड्या शाळेविषयी काय वाटत होते, फी कोण भरू शकत होते, वर्षाचा ताळेबंद कसा जमत होता, यांतले काही कळत नाही. लेखिकेने ‘मी’ असे न म्हणता ‘तोत्तोचान’ असे तृतीय पुरुषी लिहिले आहे. मुलाच्या उंचीवरून दिसेल तेवढेच दाखवायचे, हे तिने जवळजवळ शेवटपर्यंत पाळले. कलेच्या दृष्टीने ते योग्यच. पण त्याचा परिणाम असा झाला की पुस्तक वाचून उठलेला मुख्याध्यापक स्वतःला कोबायाशी समजू लागतो. आपल्यालाही एक शेतकरी, एक पातेलेवाली आणि विटके कपडे घालणारे पन्नास पालक लागतील, हे त्याच्या लक्षात येत नाही.

यासुआकीच्या झाडाविषयी बोलल्याशिवाय मात्र पुढे जाता येत नाही. तोमोएत प्रत्येक मुलाचे एक झाड असते, आणि दुसऱ्याच्या झाडावर चढायचे तर त्याची परवानगी घेऊन चढायचे. यासुआकीला पोलिओ झालेला, त्याला चढता येत नाही. तोत्तोचान त्याला आपल्या झाडावर येण्याचे आमंत्रण देते. शिडी लावते, ती पुरत नाही, मग घोडा आणते, ढकलते, ओढते, दोघे घामाने निथळतात आणि शेवटी वर पोहोचतात. हे सारे मोठ्यांपासून चोरून. तोत्तोचानने घरी खोटे सांगितलेले. या प्रसंगावर भाषणे करणारे पुष्कळ आहेत. पण आपल्या शाळेत असे घडले तर काय कराल, असे त्यांना विचारून पाहावे. झाडाभोवती तारेचे कुंपण येईल. लेखिकेने येथे कुणाचीही बाजू घेतलेली नाही. धोका धोकाच ठेवला आहे. पुढे यासुआकी मरण पावतो, तेव्हा हे झाड वाचकाच्या मनात पुन्हा उभे राहते, आणि तेही तिने फारसे बोलून दाखवलेले नाही.

गिजुभाई बधेकांचे ‘दिवास्वप्न’ हे अगदी दुसऱ्या जातीचे. मूळ गुजराती पुस्तक १९३२ चे. नावातच कबुली आहे की हे घडलेले नाही, घडावेसे वाटते ते आहे. लक्ष्मीराम नावाचा शिक्षक शिक्षणाधिकाऱ्याकडे जाऊन चौथीचा वर्ग वर्षभर प्रयोगासाठी मागून घेतो. गिजुभाई मुळात वकील. १९१६ साली ते भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत आले, १९२० साली त्यांनी बालमंदिर सुरू केले, आणि १९२२ साली ते टेकडीवरच्या इमारतीत गेले. स्वतःच्या हातात एवढी चांगली संस्था असताना त्यांनी कथेसाठी सरकारी शाळेचा कोंदट वर्ग निवडला, ही लेखक म्हणून त्यांची मोठी सूज्ञता. आपल्या बालमंदिराची वर्णने करून वाचकाला हेवा वाटायला लावणे सोपे होते.

पहिल्याच दिवशी लक्ष्मीराम शांततेचा खेळ मांडतो आणि सपशेल फसतो. मुले ओरडतात, हसतात. मोठ्या आवाक्याने घेतलेली योजना पहिल्या तासाला कोसळते. एवढ्यासाठीच मी हे पुस्तक शिक्षकांनी वाचावे असे म्हणेन. पुढे तो गोष्टी सांगतो, खेळ खेळतो, मुलांना मोकळ्या जागेवर नेतो, आणि वर्ग हळूहळू त्याचा होतो. गोंगाट होतो म्हणून शेजारचे मास्तर कुरकुरतात. पालकांची सभा बोलावतो तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके येतात. हा एक तपशील वाचून मी गिजुभाईंना मनातल्या मनात नमस्कार केला. स्वप्नातसुद्धा पालक आले नाहीत! सुधारकाच्या स्वप्नात सभागृह गच्च भरलेले असते. यांच्या स्वप्नात रिकाम्या सतरंज्या आहेत.

पण यापुढे पुस्तक सोपे होत जाते. लक्ष्मीरामला एकामागून एक यश मिळते, टिंगल करणारे नमतात, शेवटी समारंभ होतो. न आलेल्या पालकांचे काय झाले, ते पुढे का येऊ लागले किंवा न येताच राहिले, हे आपल्याला कळत नाही. इथेही पुन्हा एकच माणूस. कोबायाशी निदान शेतकऱ्याला बोलावतात; लक्ष्मीराम सारे स्वतःच करतो. एका माणसाच्या उत्साहावर चाललेली शाळा बदलीच्या हुकुमापर्यंत चालते, हे ज्याने जिल्हा परिषदेच्या शाळा पाहिल्या आहेत त्याला सांगायला नको.

भावनगरच्या त्या टेकडीवरून आपल्याकडे एक वाट येते, आणि ती मराठी वाचकांनी कधी विसरू नये. गिजुभाईंच्या सहकारी ताराबाई मोडक. १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ निघाला, १९३६ साली दादरला शिशुविहार, आणि १९४५ साली ताराबाई शहर सोडून बोर्डीला गेल्या. बरोबर अनुताई वाघ होत्या. पुढे काम कोसबादच्या टेकडीवर गेले. तिथला समाज वारली. शाळा उघडली तरी मुले येईनात. आणि न येण्याचे कारण आळस किंवा अडाणीपणा नव्हे, काम. मोठी मुलगी धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन हिंडणार. मुलगा गुरांमागे जाणार. या कामांची नोंद घेऊनच शाळेचा आराखडा झाला. भावंडाला पाळणाघर, त्याच्या वरच्याला बालवाडी, आणि मग मोकळी झालेली ताई प्राथमिक शाळेत, असे तिन्ही एका ठिकाणी. तेही पुरेना तेव्हा शाळा उठून पाड्यावर गेली, कुणाच्या तरी अंगणात बसली. हीच अंगणवाडी. १९७५ साली सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली तेव्हा हा शब्द सबंध देशाने उचलला. आज तो इतका सरकारी झाला आहे की त्यात एका वारली घराचे सारवलेले अंगण आहे हे ऐकू येत नाही. आणि जी मुले गुरांमागे जात त्यांच्यासाठी शाळा कुरणावर गेली, ती कुरणशाळा.

अनुताईंच्या ‘कोसबादच्या टेकडीवरून’ या पुस्तकाकडे साहित्य म्हणून फारसे कुणी पाहिले नाही. याचे कारण उघड आहे. त्यांचे गद्य साधे, कामातल्या माणसाचे आहे. त्यात वर्णनाची हौस नाही. सह्याद्रीच्या रांगा, समुद्राकडून येणारा वारा, वारल्यांचे तारपे, असा सारा ऐवज हाताशी असताना एखाद्या ललित लेखकाने त्यावर पाच पाने सहज भरली असती. अनुताई कामाकडे वळतात. मला तर वाटते, आकाशाखालची शाळा ज्याला खरोखर चालवायची आहे त्याला आकाशाविषयी लिहायला सवड नसते. मॉन्टेसोरीची महागडी साधने परवडणारी नव्हती, म्हणून बिया, शिंपले, पाने, माती, काड्या यांतून साधने केली. इथे निसर्ग सुंदर म्हणून वर्गात आलेला नाही. तो फुकट होता, जवळ होता आणि मुलांच्या ओळखीचा होता म्हणून आला. आजच्या ‘निसर्गवर्गां’त प्लास्टिकची फळे पाहिली म्हणजे या भेदाचे महत्त्व कळते.

आणि माझ्या प्रश्नाचे उत्तरही इथे निराळे मिळते. अंगण केले कोणी? कोणीच केले नाही, ते होतेच. ज्या बाईचे अंगण होते तिने ते सारवले आणि शाळेला बसू दिले. तोमोएत समाज शाळेत येतो, कोसबादला शाळा समाजात जाऊन बसते. एवढे असूनही अनुताईंच्या लिखाणाविषयी माझी एक तक्रार आहे. त्या अंगणवाल्या बाईला बोलते करायला हवे होते. सकाळी आपल्या दारात वीस मुले आणि शहरातून आलेली शिक्षिका पाहून तिला काय वाटले असेल? कोंबड्या कुठे हाकलल्या असतील? त्या काळच्या सेवाभावी लिखाणाची ही मर्यादाच होती. ज्यांची सेवा करायची त्यांचे हाल सांगायचे, गुण सांगायचे, पण त्यांचे मत क्वचितच विचारायचे. पावसाचाही प्रश्न राहतो. ठाणे जिल्ह्याच्या त्या पट्ट्यात, जो २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे, चार महिने धो धो पाऊस. रवींद्रनाथांनी १९०१ साली शांतिनिकेतनात झाडाखाली वर्ग भरवले, त्यांवरही आपण खूप वाचतो. तिथेही छायाचित्रांत नेहमी ऊनच पडलेले असते. उघड्यावरच्या शाळेचे सबंध वाङ्मय कोरड्या ऋतूत लिहिलेले आहे की काय, अशी शंका येते.

चौथे पुस्तक आपल्या बहुतेक वाचकांनी पाहिलेले नसेल, आणि ते पाहून त्यांना आनंद होईल असेही आश्वासन मी देत नाही. रॉबिन मूर आणि हर्ब वाँग यांचे ‘नॅचरल लर्निंग’, १९९७ चे. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या बर्कले गावी वॉशिंग्टन नावाची प्राथमिक शाळा आहे. तिचे आवार दीड एकराचे, आणि सगळे डांबराचे. तिकडच्या शाळांची आवारे डांबरी असण्याचे कारण साधे आहे: डांबर लवकर वाळते, झाडावे लागत नाही आणि त्यावर मुलांवर नजर ठेवणे सोपे जाते. १९७० नंतरच्या दशकात शिक्षक, पालक, मुले आणि विद्यापीठातली माणसे यांनी मिळून त्यांतले अर्धा एकर, म्हणजे आपले वीस गुंठे, डांबर उखडून काढले. तिथे तळे केले, ओढा केला, झाडी आणि गवताळ जागा केली. मूर हे आराखडे काढणारे आणि वाँग हे शाळेचे मुख्याध्यापक. या वाँगसाहेबांचा दुसरा लौकिक जाझ संगीताचे नामांकित जाणकार असा होता. नभोवाणीवर त्यांचे कार्यक्रम असत. जाझमध्ये वाजवणारे एकमेकांना ऐकत ऐकत पुढे जातात. त्यांच्या आवाराचीही वाढ तशीच झाली, असे मला वाचताना वाटले. पण ही माझी कल्पना.

पुस्तक वाङ्मयीन नाही. नकाशे, आकृत्या, निरीक्षणे, पुन्हा नकाशे. वाक्ये अहवालाची. तरीसुद्धा आधीच्या तिन्ही पुस्तकांनी जे टाळले ते यात आहे. इथे नायक नाही. कुठल्या कोपऱ्यात काय असावे, हे मुलांना विचारलेले आहे, आणि त्यांचे बोलणे पुस्तकात आहे. डांबरावर काही करायलाच नव्हते, म्हणून मुले भांडत, मारामाऱ्या करत, अशा अर्थाचे मुलांनीच सांगितलेले आहे. यामागची पार्श्वभूमी ध्यानात घेतली पाहिजे. १९६८ साली बर्कले गावाने आपणहून काळ्या आणि गोऱ्या वस्त्यांतली मुले एका शाळेत आणली होती. गावाच्या दोन टोकांची मुले त्या आवारात एकत्र येत होती. डांबराच्या सपाटीवर त्यांना एकमेकांकडे पाहण्याखेरीज काय होते? तळ्याशी गेल्यावर दोघांनाही बेडकाकडे पाहता येते. हा फरक मूर आकृत्यांनी दाखवतात. एखाद्या कादंबरीकाराने तो हाती घेतला असता तर काय झाले असते, या विचाराने मी थोडा हळहळलो.

म्हणजे ज्यांना लिहिता येते त्यांनी श्रमांकडे पुरते पाहिले नाही, आणि ज्यांनी श्रम नोंदवले त्यांना लिहिता आले नाही. अनुताई या दोहोंच्या मध्ये कुठे तरी आहेत, म्हणून मला त्या सर्वांत जवळच्या वाटतात.

हा प्रश्न केवळ वाङ्मयाचा नाही, हे एका उदाहरणाने सांगतो. आमच्या भागातल्या एका प्राथमिक शाळेचे नाव मी सांगत नाही. तिथे पालकांनी दोन-तीन रविवार खपून आवाराच्या मागच्या बाजूला बाग केली. कुणी माती आणली, कुणी नळाची तोटी बसवून दिली, एका आजोबांनी दोडक्याचा मांडव घातला. मुलांनी आळी केली, त्यांतली अर्धी वाकडी झाली. वर्षभराने तिथे फरशा बसल्या, कुंड्या रांगेत लागल्या, कुंपणाला दार आले आणि दाराला कुलूप. आत ‘फुलांना हात लावू नये’ अशी पाटी आहे. तपासणीला येणाऱ्यांना ही बाग फार आवडते. मुले तारेला नाक लावून बघतात. ज्यांनी हे केले ते दुष्ट नव्हेत; त्यांना बाग सुंदर ठेवायची होती. त्यांच्या मनातले चित्र पुस्तकातले होते, आणि त्या चित्रात चिखल नव्हता, वाकडी आळी नव्हती, दोडक्याचा मांडव घालणारे आजोबा नव्हते. जे चित्रात नव्हते ते आवारातूनही गेले. आजोबा आता नातवाला सोडायला येतात ते फाटकाशीच थांबतात.

मराठीत अजून एक पुस्तक लिहिले जायचे आहे, असे मला फार दिवस वाटते. ते एखाद्या द्विशिक्षकी शाळेच्या रोजनिशीच्या स्वरूपाचे असावे. जूनमध्ये आवारात पाणी साठते इथपासून त्याची सुरुवात व्हावी. शेजारच्याची शेळी कोणत्या दिवशी शिरली आणि किती वांगी खाऊन गेली, सरपंचांनी मुरूम देतो म्हणून किती वेळा सांगितले आणि अखेर कितव्या वेळी दिला, मे महिन्यात पाणी घालायला कोणती मुले आली आणि कोणती आली नाहीत, पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंनी कढीपत्त्याच्या झाडावर हक्क कसा सांगितला, हे सगळे त्यात यावे. शिक्षक-शिक्षिकांची बदली झाल्यावर पुढची पाने नव्या माणसाच्या हस्ताक्षरात असावीत. असे लिहिणारी माणसे आपल्याकडे नाहीत असे नाही. दिवाळी अंकांकडे त्यांचे लिखाण येते, आणि संपादक त्यात ‘लालित्य कमी’ म्हणून परत पाठवतात.

तोपर्यंत या दिवाळीत घरातल्या आठ-दहा वर्षांच्या मुलाला ‘तोत्तोचान’ द्यावे, आणि आपण स्वतः अनुताई वाचाव्यात. मुलाने पुस्तक संपवल्यावर त्याला डब्यांविषयी विचारू नये. मैलाकुंडीच्या प्रकरणाविषयी विचारावे. शेवटच्या प्रकरणांविषयीही विचारायला हरकत नाही. १९४५ साली बाँबफेकीत तोमोए जळाली. तोत्तोचान तेव्हा तिथे नव्हती. ती गर्दीने भरलेल्या गाडीतून दूर ईशान्येकडे चालली होती. म्हणून जळत्या शाळेचे दृश्य हे पुस्तकात मुलाच्या उंचीवरून न पाहिलेल्या थोड्या दृश्यांपैकी एक. कोबायाशी रस्त्यावर उभे राहून ज्वाळांकडे पाहत असतात आणि आपल्या मुलाला विचारतात, पुढची शाळा कशी बांधायची? ते १९६३ साली वारले. आगीचे वर्णन लेखिकेने केले आहे. फाटकाच्या त्या दोन झाडांचे काय झाले, ते मात्र तिने लिहिलेले नाही.